बोटीवरचं निवृत्त आयुष्य : दोघांच्या प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं निवृत्तीनंतर शिडाच्या बोटीवर राहायला लागलो, त्याला आता नऊ हिवाळे झाले. पहिली बोट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होती. ती विकून दुसरी भूमध्य समुद्रात घेतली. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. प्रश्न जोडप्याचा असतो, पण पत्र बहुतेक वेळा एकानेच लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याला त्याचा पत्ता नसतो. तेव्हा हे पान कृपा करून दोघांनी मिळून वाचा.

१. मरीना म्हणजे नेमकं काय? बंदर आणि मरीना एकच का?

बंदरात मासेमारीच्या होड्या, मालवाहू जहाजं, प्रवासी फेरीबोटी सगळंच असतं. मरीना ही फक्त खासगी बोटींसाठी, लाटांपासून आडोसा करून बांधलेली जागा. प्रत्येक बोटीला ठरलेली जागा मिळते, त्या जागेशी पाण्याचा नळ आणि विजेचा खांब असतो. स्नानगृह, कपडे धुण्याची यंत्रं, इंधन, कचऱ्याची सोय आणि कार्यालयात रेडिओ ऐकणारं कुणीतरी माणूस, एवढं बहुतेक ठिकाणी मिळतं.

बोट बांधायची पद्धत मात्र सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेत बहुधा बोटीच्या कडेला तरंगता किंवा खांबांवरचा फलाट असतो, त्यावर सरळ पाऊल टाकून उतरता येतं. भूमध्य समुद्रात बोट उलटी नेऊन मागची बाजू धक्क्याला लावतात, पुढचं टोक तळाशी रोवलेल्या दोराने ताणून धरतात आणि फळीवरून ये-जा करतात. गुडघे दुखत असतील तर ही फळी चढउतार करणं रोजचं काम होतं, हे आधीच ध्यानात घ्या.

२. वर्षभर बोटीवरच असता का? कोणत्या महिन्यात कुठे?

वर्षातले नऊ-दहा महिने. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत आम्ही ग्रीस आणि तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर फिरतो, त्यात बहुतेक रात्री नांगरावर काढतो. नोव्हेंबर ते मार्च एकाच मरीनात मुक्काम. सिसिलीतली मरीना दी रागुसा, तुर्कस्तानातली मार्मारिस आणि फिनिके, स्पेनमधली कार्ताहेना, ट्युनिशियातली मोनास्तिर अशा ठिकाणी हिवाळ्यात बोटींवर राहणाऱ्यांची मोठी वस्ती असते.

लोक अशा हिवाळ्याला "उबदार" म्हणतात, पण त्या शब्दाने फसू नका. भूमध्य समुद्रातला हिवाळा सौम्य असतो, उन्हाळी नसतो. पाऊस पडतो, जोराची वादळं येतात, बोटीत आतून ओल धरते. खरी ऊब हवी असेल तर बहामा, कॅरिबियन किंवा मेक्सिकोचा कोर्तेसचा समुद्र. पहिली तीन वर्षं आमचा क्रम तसाच होता. शरदात व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून निघायचं आणि किनाऱ्याच्या आतून जाणाऱ्या जलमार्गाने, ज्याला तिथले लोक नुसतं "आयसीडब्ल्यू" म्हणतात, सुमारे १,१०० मैल दक्षिणेला मायामीपर्यंत उतरायचं. पुढे बहामा आणि वसंतात परत उत्तरेकडे. तिथे थंडीच्या आधी दक्षिणेला जाणाऱ्या बोटींची रांग लागते. पक्ष्यांच्या थव्यासारखी ती रांग पाहणं मला अजून आठवतं.

३. चक्रीवादळांची भीती वाटत नाही?

वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे. अटलांटिकमध्ये वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, सगळ्यात जोर सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास. दक्षिण प्रशांत महासागरात उलट, नोव्हेंबर ते एप्रिल. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, सुमारे पाच अंशांच्या आत, चक्रीवादळं जवळजवळ तयार होत नाहीत, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे मिळणारा पीळ तिथे फार क्षीण असतो. म्हणून कॅरिबियनमधल्या बोटी उन्हाळ्यात दक्षिणेला त्रिनिदादकडे जातात, नाहीतर आडोशासाठी ग्वाटेमालाच्या रिओ दुल्से नदीत आत जाऊन थांबतात.

पण नकाशावरची रेघ ही हमी नव्हे. ग्रेनाडा बेट बाराव्या अक्षांशावर आहे, कित्येक वर्षं ते सुरक्षित समजत. २००४ मध्ये इव्हान नावाच्या चक्रीवादळाने ते उद्ध्वस्त केलं आणि २०२४ च्या जुलैच्या पहिल्याच दिवशी बेरिल शेजारच्या कॅरियाकूवर आदळलं. विमा कंपन्या हंगामात बोट कोणत्या अक्षांशाबाहेर हवी ते करारातच लिहितात. ते वाक्य सही करण्याआधी वाचा. तुमचं वर्षभराचं वेळापत्रक त्याच वाक्यावर ठरणार असतं.

४. साठी उलटल्यावर शिकायला सुरुवात केली तर जमेल का?

जमतं. मी एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा सुकाणू हातात धरलं. ताकदीची कामं आता यंत्रं करतात. नांगर ओढायला विजेवरचं चक्र, शीड वर चढवायला विजेवरची विंच, जागेत बोट फिरवायला पुढच्या बाजूला छोटा पंखा. कस लागतो तो तोलाचा, गुडघ्यांचा आणि रात्रीच्या नजरेचा.

दोन गोष्टी आवर्जून सांगते. एक, जोडीदाराकडून शिकू नका. दोघांनी वेगवेगळ्या प्रशिक्षकांकडे, शक्यतो वेगवेगळ्या बोटींवर शिका. नवरा शिकवतो तेव्हा बायको दोर धरायला शिकते, बोट चालवायला नाही. दोन, युरोपात बोट चालवायला बहुतेक ठिकाणी आयसीसी नावाचं आंतरराष्ट्रीय क्षमतापत्र मागतात, आणि व्हीएचएफ रेडिओचा, म्हणजे बोटीवरून बोलायच्या बिनतारी संचाचा, परवाना वेगळा असतो. तो दोघांनी काढा.

५. बोट केवढी घ्यावी? शिडाची, इंजिनाची की कॅटामरान?

दोघांना १० ते १३ मीटर पुरते. त्याहून मोठी बोट वाऱ्यात धक्क्याला लावताना दोन म्हाताऱ्या माणसांना आवरत नाही. कॅटामरान दोन सांगाड्यांची असल्याने झुकत नाही, आत जागा भरपूर, पण रुंदीमुळे पुष्कळ मरीना तिला दीडपट भाडं लावतात आणि गर्दीत जागाच नाही म्हणून सांगतात. ट्रॉलर, म्हणजे इंजिनावर सावकाश चालणारी राहती बोट, वापरायला सोपी, पण सगळा प्रवास इंधनावर.

बोट कुठे न्यायची ते आधी ठरवा, मग मापं पाहा. बहामात पाणी उथळ आहे, जिचा तळ पाण्याखाली दोन मीटर खोल जातो अशा बोटीला कितीतरी सुंदर खाड्या बंद होतात. आयसीडब्ल्यूवरचे पक्के पूल पाण्यापासून ६५ फूट उंच धरतात, आणि मायामीतला एक फक्त ५६ फुटांचा आहे. तुमची डोलकाठी ६० फुटांची असेल तर तिथे बाहेरून, समुद्रातून जावं लागतं.

६. खर्च किती येतो?

आकडा सांगणार नाही, कारण तो देश, हंगाम आणि बोटीची लांबी यांवर दुप्पट-तिप्पट बदलतो. प्रमाणं सांगते. बोटवाल्यांमध्ये जुना अंदाज असा, की बोटीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाएवढा खर्च दर वर्षी तिच्यावरच होतो. आमच्या बाबतीत तो साधारण खरा ठरला, जुन्या बोटीला जास्त.

मरीनाचं भाडं लांबीवर असतं. एका रात्रीचा दर सगळ्यात महाग, हिवाळ्याचा पाच-सहा महिन्यांचा करार पुष्कळ स्वस्त, त्यामुळे लोक फिरतात उन्हाळ्यात आणि बांधून राहतात हिवाळ्यात. नांगरावरच्या रात्री बहुतेक ठिकाणी फुकट. वर्षा-दोन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला शेवाळरोधक रंग द्यावा लागतो, गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे ठोकळे बदलावे लागतात. बोटीचं वय वाढलं की विमा कंपनी तपासनिसाचा अहवाल मागते. हे अंदाजपत्रकात धरायला लोक विसरतात.

७. व्हिसाचं कसं करता? बोटीलाही व्हिसा लागतो का?

माणसाचं घड्याळ वेगळं आणि बोटीचं वेगळं, हे एकदा समजलं की अर्धा गोंधळ मिटतो.

माणसासाठी शेंगेन देशांचा, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस असा आहे. ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी तो वेगळा काढायचा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला, त्यामुळे तिथे जाऊन दिवस वाचवायची जुनी युक्ती संपली. तुर्कस्तान, आल्बेनिया, मॉन्टेनेग्रो, ट्युनिशिया अजून बाहेर आहेत, सायप्रस युरोपीय संघात असूनही शेंगेनमध्ये नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी संगणकावर नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तेव्हा दिवस मोजण्यात चूक झाली तर ती लपत नाही.

बोटीसाठी, तुम्ही युरोपीय संघाचे रहिवासी नसाल आणि बोटही बाहेरची असेल, तर कर न भरता तिला संघाच्या पाण्यात १८ महिने ठेवता येतं. मुदतीआधी ती बाहेर न्यायची, बाहेर नेल्याचा पुरावा म्हणून तिथल्या मरीनाची पावती आणि नोंदीचे कागद जपून ठेवायचे, की परत आल्यावर मोजणी नव्याने सुरू होते. ग्रीसच्या पूर्वेकडच्या बेटांवरून तुर्कस्तानला जायला काही तासच लागतात, त्यामुळे तिथे हे सोपं पडतं.

८. नव्या देशात पोचल्यावर काय करायचं असतं?

पिवळा झेंडा चढवायचा आणि अधिकृत प्रवेशबंदरातच जायचं. नोंदणी होईपर्यंत कुणीही किनाऱ्यावर फिरायचं नाही, बहुतेक ठिकाणी फक्त कप्तान कागद घेऊन जातो. शिक्के मिळाले की पिवळा उतरवून उजव्या बाजूला त्या देशाचा छोटा झेंडा. बोटीची नोंद, विमा, रेडिओ परवाना, पासपोर्ट आणि खलाशांची यादी यांच्या छापील प्रती आठ-दहा तरी हव्यात. व्हिसाचे दिवस कसे मोजायचे ते प्रश्न ७ मध्ये आहे.

९. दिवसभर करता काय? कंटाळा येत नाही?

हवामान बघणं हे सकाळचं पहिलं काम, चहाच्याही आधी. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आभाळ निळंशार, हवेचा दाब चांगला, आणि तरी वारा तीस नॉट, म्हणजे ताशी तीस सागरी मैल. वर बघून काही कळत नाही, म्हणून अंदाज रोज वाचायचा. प्रवासाचा दिवस असला तर पहाटे निघून दुपारपर्यंत पोचायचं, म्हणजे नांगर पकडला नाही तरी उजेडात दुसरी जागा शोधता येते. पाच-साडेपाच नॉट हा आमचा वेग. दिवसाला तीस सागरी मैल झाले तरी पुष्कळ, म्हणजे साधारण ५५ किलोमीटर.

प्रवास नसेल तर दुरुस्ती. पंप, गाळण्या, दोर, गळती. बोटीवर नेहमी काहीतरी बिघडलेलं असतं. ज्यांना हाताने काम करायची गोडी नाही त्यांचा इथे जीव रमत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१०. वीज आणि पाणी पुरतं का?

मरीनात दोन्ही मिळतं. युरोपात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. एका बाजूची बोट दुसरीकडे नेली तर चार्जर आणि बाकीची उपकरणं तपासून घ्या. नांगरावर सौर पॅनेलांवर आमचं भागतं. फ्रिज सगळ्यात जास्त वीज खातो. पाणी चारशे लिटर, ते दोघांना नीट वापरून दोन आठवडे पुरतं. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असेल तर मरीनात ते चालवू नका, तिथल्या पाण्यावरच्या तेलाने त्याचा पडदा कायमचा खराब होतो.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो. गॅसची आणि कार्बन मोनॉक्साइडची धोक्याची घंटा आजच बसवा.

११. शौचालयाचं काय? विचारायला संकोच वाटतो.

संकोच नको, सगळेच विचारतात. मैला बोटीतल्या टाकीत साठवतात आणि मरीनातल्या पंपाने उपसून घेतात. अमेरिकेत किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडणं बेकायदा आहे. तुर्कस्तानात निळ्या कार्डावर टाकी उपसल्याची नोंद होते.

१२. समुद्र लागतो. मग हे माझ्यासाठी नाहीच का?

बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. डेकवर बसा, क्षितिजाकडे बघा, सुकाणू धरा. आत जाऊन वाचन नको. औषधांबद्दल मात्र वयामुळे सावध राहा. कानामागे लावायची स्कोपोलामीनची पट्टी तीन दिवस चालते, पण काचबिंदूचा एक प्रकार असलेल्यांना ती चालत नाही, प्रोस्टेटमुळे लघवीला अडत असेल तरी धोका, आणि वयस्कर माणसाला तिने गोंधळल्यासारखं होऊ शकतं. डॉक्टरांना विचारून, पहिल्यांदा जमिनीवर लावून बघा.

१३. मोठं दुखणं आलं तर?

निघण्याआधी दात, डोळे, हृदय यांची तपासणी. औषधं तीन-चार महिन्यांची, मूळ वेष्टनात, चिठ्ठीवर औषधाचं रासायनिक नाव लिहून घ्यायचं, कारण व्यापारी नाव देशागणिक बदलतं. विमा असा घ्या ज्यात बोटीवरचा मुक्काम आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च दोन्ही येतात. साध्या प्रवासी विम्यात किनाऱ्यापासूनचं अंतर किंवा वयाची मर्यादा बारीक अक्षरात असते. हिवाळ्याची मरीना निवडताना आम्ही आधी तिथलं रुग्णालय बघतो, मग दर. रात्री समुद्रावर काही झालं तर पुढचा प्रश्न वाचा.

१४. दोघंच असता. एक जण पाण्यात पडला किंवा आजारी झाला तर दुसरा काय करणार?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि आला तर बायकांकडून येतो.

भूमध्य समुद्रातल्या दुसऱ्या वर्षी एका ग्रीक खाडीत नांगरावर असताना रात्री दोनला माझ्या नवऱ्याला मूतखड्याची कळ आली. तो बसूही शकत नव्हता. वारा वाढत होता, गाव चार तासांवर. तोपर्यंत मी सुकाणू धरत असे, पण नांगर काढणं, बंदरात शिरणं हे त्याचं काम होतं. त्या रात्री मी रेडिओवर बोलले, नांगर काढला, चार तास बोट हाकली आणि धक्क्याला जाताना पुढचा कठडा वाकवला. लोकांनी दोर धरले. तो बरा झाला. पण ते चार तास मी थरथरत होते, ते समुद्रामुळे नव्हे, आपण काय शिकलो नाही ते आठवून.

त्यानंतर आम्ही बुधवार ठरवला. बुधवारी सगळी कामं उलटी. मी कप्तान. नांगर मी काढायचा, धक्क्याला मी लावायची, रेडिओवर मी बोलायचं, इंजिनाचं तेल मी बघायचं. त्याने स्वयंपाक, कागदपत्रं आणि औषधांच्या नोंदी बघायच्या, कारण ते त्याला येत नव्हतं. माझं म्हणणं ठाम आहे. जी बोट दोघांपैकी एकालाच एकट्याने आणता येते, ती बोट दोघांसाठी सुरक्षित नाही.

पाण्यात पडण्याबद्दल. आधी पडूच नये, म्हणून रात्री आणि उधाणात पट्टा अडकवल्याशिवाय आम्ही कुणीही बाहेर येत नाही. त्यातून पडलाच तर त्याच्याकडे हाताचं बोट दाखवत नजर हलवायची नाही, जीपीएसवरचं जागा नोंदवायचं बटण दाबायचं, बोट थांबवायची. खरी अडचण माणूस सापडण्यात नसते, वर घेण्यात असते. भिजलेलं मोठं माणूस साठीतल्या दुसऱ्या माणसाला हाताने उचलता येत नाही. दोराचं कडं लावून विंचने ओढायचं तंत्र शांत पाण्यात, उन्हाळ्यात, दोघांनी आळीपाळीने करून बघा. पूर्व भूमध्य समुद्राचं पाणी हिवाळ्यात १६-१७ अंशांवर येतं, त्यात हातांची पकड लवकर जाते.

व्हीएचएफवर चॅनल १६ हा संकटाचा. नव्या रेडिओला झाकणाखाली लाल बटण असतं, ते दाबून धरलं की बोटीचा नऊ अंकी क्रमांक आणि जीपीएस जोडलेला असल्यास जागा आपोआप जाते. ४०६ मेगाहर्ट्झवरचं ईपर्ब नावाचं संकटसूचक यंत्र उपग्रहाला कळवतं. दोन्ही कुठे आहेत आणि कसे चालतात हे पाहुण्यालाही दाखवा.

१५. इतक्या छोट्या जागेत भांडणं होत नाहीत?

होतात, आणि बहुतेक धक्क्याला लागताना होतात. इंजिनाच्या आवाजात एक पुढे, एक मागे, दोघं ओरडतात आणि ओरडणं रागासारखं ऐकू येतं. कानावर लावायचे बिनतारी संच घ्या, हळू बोलता येतं. आमच्या बोटीवर पैसे खर्चून घेतलेल्या वस्तूंत ती सगळ्यात चांगली. बाकी, मरीनात असताना रोज दोन तास वेगवेगळे घालवा.

१६. एकटं वाटत नाही?

हिवाळी मरीनात उलट असतं. रोज सकाळी ठरलेल्या वेळी व्हीएचएफवर सगळ्या बोटींची हजेरी होते. हवामान, कुणाला कुठला सुटा भाग हवा, कोण आजारी, संध्याकाळी काय. मेक्सिकोतल्या ला पासमध्ये आणि बहामातल्या जॉर्ज टाउनमध्येही हीच रीत आहे. आठवण येते ती नातवंडांची, आणि ती भरून निघत नाही. आम्ही वर्षातले दोन-तीन महिने बोट बांधून परत जातो. त्या वेळी मरीनात कुणाला तरी पैसे देऊन दोर आणि तळातला पंप आठवड्याला बघायला सांगतो. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला लागत असेल तर त्याची तारीखही याच मुक्कामात बसवा.

१७. मरीनात पोहता येतं का?

नाही. सदोष जोडणीतून विजेचा प्रवाह पाण्यात उतरू शकतो, गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यात त्याने स्नायू आखडून माणूस बुडतो, वर काही दिसतही नाही. पोहायचं ते नांगरावर, बाहेर.

१८. कुत्रा किंवा मांजर नेता येईल का?

येईल, पण कागद माणसापेक्षा जास्त. युरोपीय संघात चिप, रेबीजची लस, आणि काही देशांतून येताना रक्ताची चाचणी लागते. लस दिल्यावर किमान ३० दिवसांनी नमुना आणि त्यानंतर तीन महिने थांबणं. म्हातारा कुत्रा फळीवरून उतरेल का, हेही बघा.

१९. मला फार इच्छा आहे, पण जोडीदाराला नाही. कसं पटवू?

पटवू नका. एक आठवडा भाड्याने बोट घ्या, मग एक महिना, तोही हिवाळ्यात, पावसात. घर लगेच विकू नका, निदान दोन वर्षं तरी. आमच्या ओळखीतल्या ज्या जोडप्यांनी घर विकून बोट घेतली आणि एकाचं मन नव्हतं, ती दुसऱ्या वर्षापर्यंत टिकली नाहीत. जो कचरतो त्याला सुकाणू द्या. पुष्कळदा भीती समुद्राची नसते, काही हातात नसल्याची असते (प्रश्न १४).

२०. थांबायचं कधी? आणि एक जण गेला तर बोटीचं काय?

थांबायची खूण आम्ही आधीच ठरवली आहे. दर वसंतात, बोट पाण्यात उतरली की, दोघांनी कपड्यांसकट पाण्यात उतरून मागच्या शिडीने कुणाच्या मदतीशिवाय वर यायचं. ज्या वर्षी दोघांपैकी एकाला जरी जमलं नाही, त्या वर्षी बोट विकायची. यंदा नवऱ्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. पुढच्या वर्षाबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.

बोट दोघांच्या नावावर हवी. पुष्कळ बोटी एकाच्याच नावावर असतात, आणि तो गेल्यावर दुसऱ्याला परदेशातल्या मरीनातून ती हलवताही येत नाही, विकताही येत नाही, भाडं मात्र चालू राहतं. मृत्युपत्रात बोटीचा वेगळा उल्लेख करा. एका फाइलमध्ये नोंदणी, विमा, युरोपीय संघात आल्याची तारीख, मरीनाचा करार, ओळखीच्या दलालाचा पत्ता आणि बोट बंद करायची क्रमवार यादी ठेवा. कोणती झडप आधी, कोणती नंतर. आमच्या फाइलमधली ती यादी नवऱ्याच्या अक्षरात होती. गेल्या हिवाळ्यात बुधवारी बसून मी ती माझ्या शब्दांत पुन्हा लिहून काढली, आणि दोन झडपा त्याच्या यादीत राहून गेल्या होत्या त्या त्यात घातल्या.